स्टेम सेल व ऑक्युपेशनल थेरपी यांचा एकत्रित उपचार (स्वमग्नता)

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला मूलपेशींचे (स्टेम सेल, म्हणजे इतर पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी) इंजेक्शन देऊन त्याच्या आगेमागे ऑक्युपेशनल थेरपीची (जेवण, कपडे, खेळ अशी रोजची कामे जमवून घेण्याचा सराव) सत्रे लावण्याची पद्धत. बहुधा एकाच पॅकेजमध्ये देऊ केली जाते. जोडीतले दोन्ही घटक सारख्या वजनाचे नाहीत. थेरपीला मर्यादित, पण खरा आधार आहे. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपयोग सिद्ध झालेला नाही. रुग्णालयात ‘ओटी’ म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची झोक्यांची खोलीही आणि ऑपरेशन थिएटरही. पॅकेजमध्ये दोन्ही येतात, तेव्हा कोणत्या ओटीचे किती पैसे हे वेगवेगळे लिहून मागावे.

पेशींची प्रक्रिया साधारण अशी: भुलीआधी ६ तास खाणे आणि २ तास पाणी बंद. कमरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने अस्थिमज्जा काढतात, ती फिरत्या यंत्रात घालून घनतेनुसार एककेंद्रकी (एकच गोल केंद्रक असलेल्या) पेशी वेगळ्या करतात आणि कमरेच्या मणक्यांमधून कण्यातील द्रवात सोडतात. या मिश्रणाला सरसकट ‘स्टेम सेल’ म्हटले, तरी अस्थिमज्जेच्या एककेंद्रकी पेशींत मेसेन्कायमल (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) मूलपेशींचे प्रमाण जेमतेम ०.००१ ते ०.०१ टक्के असते. बाकीच्या बहुतेक रक्ताच्याच पेशी. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या नावाशी थॅलेसेमियासाठीचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) अस्थिमज्जा प्रत्यारोपण जोडलेले असल्याने ‘त्या आजारात चालते, मग स्वमग्नतेत का नाही’ असा प्रश्न तिथले पालक विचारतात. थॅलेसेमियात रक्त तयार करणारी बिघडलेली व्यवस्थाच बदलायची असते. स्वमग्नतेत बदलायला अशी एक पेशी नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांना शिरेतून नाळेचे रक्त (स्वतःचे वा दुसऱ्याचे) किंवा नुसते निष्क्रिय द्रावण दिले. सहा महिन्यांनी सामाजिक वर्तनात गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. कण्यातून पेशी देण्याचे दावे तर मुख्यतः तुलनेचा गट नसलेल्या नोंदींवर उभे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य रक्तविकार सोडून मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाकारली.

जोडीची खरी अडचण मोजमापाची. इंजेक्शनच्या आठवड्यातच रोजची थेरपी सुरू होते, पालक रजा काढून मुलासोबत बसतात, मोबाइल बाजूला पडतो, आणि मूल तीन महिन्यांनी मोठेही होते. मग नजर जुळू लागली की श्रेय सुईला. तपासायचे तर इंजेक्शनचा विचार करण्याआधी निदान १० आठवडे थेरपी एकाच गतीने चालवावी आणि जेवण, कपडे, खेळ यांचे ठरावीक प्रसंग दर पंधरवड्याला चित्रित करावेत. बऱ्याच घरांत तोवर इंजेक्शनचा विषयच मागे पडतो.

थेरपीच्या एका छोट्या चाचणीत ४ ते ८ वर्षांच्या ३२ मुलांपैकी एका गटाला आठवड्याला ३ अशी १० आठवडे संवेदन-समन्वयाची (स्पर्श, तोल, हालचाल यांच्या संवेदना खेळातून हाताळण्याची) सत्रे दिली. घरच्यांनी ठरवलेल्या उद्दिष्टांत हा गट पुढे गेला. ब्रिटनमधील १३८ मुलांच्या मोठ्या चाचणीत मात्र नेहमीच्या सेवेपेक्षा चिडचिडीत फरक पडला नाही. म्हणून उद्दिष्ट नेमके हवे. ‘एकाग्रता वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘शर्टाचे शेवटचे बटण स्वतः लावणे’ हे आहे: बाकीची बटणे आपण लावायची, शेवटचे अर्धे आत सरकवून ठेवायचे, ओढायचे त्याने, जमले की मग शेवटची दोन. खाण्याचेही तसेच. फक्त कुरकुरीत शेव खाणाऱ्या मुलाला एकदम वरणभात भरवला तर तो ओकतो आणि पुढे ताटच टाळतो. शेव, मग चिमूटभर कोरड्या पोह्यांवर शेव, मग शेव थोडी भिजू दिलेली, अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीत आधी हात लावणे, हुंगणे, मग चाटणे. सत्रात झोका जोरात फिरवत ठेवणे ही नेहमीची चूक: मूल हसते म्हणून चालू ठेवतात, आणि ते नंतर तासभर सैरभैर होते.

इंजेक्शन घेतलेच असेल, तर थेरपिस्टला तारीख सांगावी. कण्यात सुई गेल्यावर काही दिवस डोके दुखू शकते. बसल्यावर वाढते, आडवे झाल्यावर उतरते. न बोलणारे मूल डोके आपटून किंवा खुर्चीवरून घसरून ते सांगते, आणि ‘संवेदनेची गरज’ समजून त्याला झोक्यावर बसवले जाते. इंजेक्शन घेऊन अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईहून इंदूरला परतलेल्या मुलाचे दुसऱ्याच दिवशी सत्र ठेवू नये. कमरेची दुखरी जागा बरी होईतो उड्या, लोळण बंद. ताप, सतत उलटी, मान आखडणे किंवा झटका (फिट) आल्यास थेट रुग्णालय गाठावे. आधी झटके आलेले असल्यास हा धोका अधिक गांभीर्याने घ्यावा.

इंदुरी मराठी घरात आजीची मराठी, शाळेची हिंदी आणि थेरपीची इंग्रजी अशी तीन भाषांची सरमिसळ असते. ‘मराठी सोडा’ हा सल्ला निराधार आहे. मात्र ‘दे’, ‘थांब’, ‘झालं’ या सूचना सगळ्यांनी एकाच शब्दात द्याव्यात. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) राजवाड्याच्या गर्दीत दाखवण्याऐवजी गच्चीवरून, कान झाकून, दहा मिनिटे पुरे.

थेरपीच्या खर्चाला राष्ट्रीय न्यासाची (अपंग व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची संस्था) ‘निरामय’ विमा योजना (वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत) उपयोगी पडते. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी ४० बाबींची भारतीय स्वमग्नता मोजपट्टी वापरतात: ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. पेशींच्या ‘चाचणी’चे आमंत्रण आले, तर भारतीय चाचणी नोंदवहीतील (सीटीआरआय) क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी मागावी, सहभागाचे पैसे घेत असतील तर ती चाचणी नव्हे, विक्री आहे.