राणी रंग राणीच दिसावा म्हणून
(घरच्या घरी कपड्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आज काय नेसलं त्याचा फोटो तुम्ही आम्हाला पाठवता, तो बघायला आवडतो. पुढच्या ब्लाउजचं बोलणंही बहुतेक वेळा त्यावरूनच सुरू होतं. पण मध्यंतरी एका फोटोवरून आम्ही लाल ब्लाउजपीस कापला आणि साडी निघाली राणी रंगाची! भुर्दंड आम्हीच सोसला. तेव्हापासून हा कागद पिशवीत घालतो.

आधी फोनची लेन्स पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनला तेलकट बोट लागलेलं असतंच, मग फोटो धुरकट येतो.

दुसरं, घरातले दिवे बंद करा. हो, दिवसा लावलेलेही. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकदम पडले की पदराचा रंग वेगळा आणि निऱ्यांचा वेगळा दिसतो. फोन खिडकीच्या कट्ट्यावर डब्याला टेकवून ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि सहा-सात फुटांवर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा. दहा सेकंदांत पदर सारखा करून होतो. खिडकी पाठीशी घेतलीत तर तुमची नुसती काळी आकृती येईल. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. खणाची किंवा इरकलची वीण दाखवायची असेल तर मात्र खिडकी एका बाजूला घ्या, तिरप्या उजेडात पोत उठून दिसतो.

फोन कमरेच्या उंचीवर आणि सरळ उभा हवा. वरून काढलेल्या फोटोत माणूस बुटकं दिसतं. ०.६ ची, म्हणजे जास्त रुंद दाखवणारी लेन्स नकोच, ती कडेचं सगळं ताणते.

लाल, राणी असे भडक रंग फोनला झेपत नाहीत. स्क्रीनवर साडीवर बोट टेकवा आणि फोटोचा उजेड थोडा कमी करा. शेजारी पांढरा रुमाल ठेवलात तर खरा रंग ओळखायला आम्हाला सोपं जातं. धूपछाव पैठणीत ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, त्यामुळे बाजू बदलली की रंग बदलतो आणि एका फोटोत ती मावत नाही. थोडं वळून दुसरा काढा. फ्लॅश बंद, नाहीतर जरीकाम पांढरंफटक पडतं. आणि फिल्टर लावून नटवलेला फोटो मैत्रिणींना पाठवा, आम्हाला नको.

फिटिंगची तक्रार असेल तर समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे तीन फोटो हवेत, हात अंगापासून जरा लांब ठेवून. मुंढ्याला (बाहीच्या जोडाशी) चुणी कुठे पडते ते तेव्हाच कळतं. आरशातला फोटो पाठवू नका. त्यात डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर दिसतो, आणि उसवायची ती बाजू सोडून आम्ही दुसरीच उसवून बसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडा.

मॅचिंगचं काम असेल तर मात्र साडीच घेऊन या. फोटो कितीही झकास असला तरी त्यावरून आम्ही आता कापड कापत नाही.