कोंबूवरची पांढरी पावडर म्हणजे बुरशी नाही

कोंबूचं (स्वयंपाकात वापरायच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) पाकीट उघडलं आणि काळपट-हिरव्या पट्ट्यांवर पांढरी पावडर दिसली की बरेच जण लगेच फोन करतात, माल खराब आलाय म्हणून. तसं नाहीये. ते मॅनिटॉल आहे, शेवाळातलाच साखरेसारखा पदार्थ, कोंबू वाळताना आतून वर येतं, बोटाला लावून चाखा, किंचित गोड लागेल. प्लीज नळाखाली धुऊ नका, सगळी चव तिथेच वाहून जाते, कोरड्या फडक्याने हलकंसं पुसलं की झालं. हां, पट्टी ओलसर असेल, केसाळ डाग किंवा कुबट वास असेल तर मात्र बुरशीच, फोटो पाठवा, पाकीट बदलून देऊ.

कोंबू म्हणजे जपानच्या होक्काइदो बेटाभोवती थंड समुद्रात खडकांना धरून वाढणारं तपकिरी शेवाळ. उन्हाळ्यात होडीतून लांब काठ्यांनी पिळा घालून ओढून काढतात आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर एकेक पट्टी सुटी पसरून वाळवतात. आपल्या कोकणात पाणी कोमट, तिथे हे येत नाही, त्यामुळे बाहेरूनच आणावं लागतं. (चायना ग्रास वेगळं, ते लाल शेवाळाचं.)

१९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्याच पाण्यातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्याच्या भरदार चवीला उमामी नाव दिलं. कोंबू पूर्ण शाकाहारी आहे, जपानमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मासा न घालता नुसत्या कोंबूचा स्टॉक (सूप-रश्शासाठीचं चवीचं पाणी) करतात.

स्टॉकसाठी एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू, अर्धा तास भिजवा, मग मंद गॅसवर ठेवा आणि तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले की पट्टी बाहेर काढा, खळखळ उकळू दिलंत तर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. हे पाणी सूपला उत्तमच, पण मुगाच्या साध्या वरणात घालून बघाच, मीठ मात्र शेवटी, चाखून. उरलेली पट्टी टाकू नका, बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवली की भातासोबत मस्त लागते.

आता महत्त्वाचं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि एक ग्रॅम कोंबूतच त्याच्या कितीतरी पट असतं, त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणजे पट्टी काढून टाकली तरी ते पोटात जातंच. त्यामुळे रोज नको, अधूनमधूनच वापरा. थायरॉईडचा त्रास असेल, गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा लहान मुलांना द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

ठेवायचं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, ओल्या हाताने काढू नका, पावसाळ्यात तर अजिबातच नको.