वाटीतली आंबेडाळ, तळहातावरची वाटली डाळ

हरभऱ्याची डाळ भिजवायची, चाळणीत निथळायची आणि पाणी न घालता भरड वाटायची. इथपर्यंत दोन्ही पदार्थ जुळे आहेत, आणि गोंधळ होतो तो इथेच. आंबेडाळसुद्धा वाटलेलीच असते, मग 'वाटली डाळ' हे नाव दुसरीलाच का? नावावर जाऊ नका, विस्तवाकडे बघा. आंबेडाळ कच्ची असते, तिला फक्त वरून फोडणी मिळते. वाटली डाळ कढईत परतून, वाफ देऊन शिजवलेली असते.

असं का, हे कळायला डाळ कुठे बसून खायची ते बघावं लागतं. आंबेडाळ चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिनाभरात सोयीचा दिवस धरून बायकांना बोलावतात. बाहेर ऊन, आत आरास, ओटीत भिजवलेले हरभरे, शेजारी पन्ह्याचा पेला. डाळ वाटीत मिळते, चमच्याने खाल्ली जाते. थोडी ओलसर असली तरी बिघडत नाही, उलट तशीच छान लागते.

वाटली डाळ गणपतीच्या विसर्जनाची खिरापत. ती डब्यात बसून नदीवर किंवा हौदावर जाते. तिथे ना वाटी ना चमचा, वर एखादी पावसाची सर आणि पुढे आलेले ओले तळहात. मूठभर डाळ हातावर पडली की ती मोकळी राहायला हवी, लगदा होता कामा नये. शिवाय सकाळी केलेली डाळ रात्रीच्या आरतीपर्यंत टिकायला हवी. कच्ची डाळ एवढा वेळ दमट हवेत काढणार नाही.

आता आंबेडाळ. एक वाटी डाळ चार-पाच तास तरी भिजू द्या. इथे घाई चालत नाही, कारण ती शिजणार नाहीये. अर्धवट भिजली तर दाताखाली कचकच लागते. रात्रभर भिजवायची तर चैत्रातल्या उकाड्यात फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. अर्धी वाटी कैरीचा कीस घ्या, कैरी फार आंबट असेल तर कमी. हिरव्या मिरच्या डाळीबरोबरच वाटाव्यात. मग ओलं खोबरं, कोथिंबीर, साखर आणि मोहरी-हिंग-हळद-सुक्या मिरच्यांची फोडणी. ही फोडणी जरा निवू द्या आणि मग ओता. कैरी आणि मीठ मात्र बायका यायला लागल्या की घाला. आधी कालवून ठेवलं तर कैरीला पाणी सुटतं आणि तासाभरात सगळं पचपचीत होतं. बिघडलेल्या आंबेडाळींपैकी निम्म्या तरी या एका घाईने बिघडतात, असं माझं मत.

वाटली डाळीत कैरी नसते, आंबटपणा लिंबाचा. भाद्रपदात कैरी कुठली मिळायची? (आता मिळते, म्हणून कुणीतरी हौसेने घालतंही. खाऊन बघितली, वाईट नाही, पण हातावर घेतल्यावर ओल जाणवतेच.) वाटताना आलं-मिरची-जिरं घालतात. मिक्सरमध्ये एकदम भांडंभर डाळ फिरवू नका. खाली चटणी होते आणि वर अख्खी डाळ तशीच राहते. थोडी थोडी घेऊन थांबत थांबत फिरवा. जास्त बारीक झालेली डाळ कढईत गोळे धरते, मग उलथन्याने कितीही मारा, सुटत नाही.

तेलाचं काय ते आधीच सांगते: दोन वाट्या डाळीला अर्धी वाटी तेल लागतं. हात आखडलात तर डाळ कोरडी होते आणि पहिल्याच घासाला तोठरा बसतो. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता घालून फोडणी करायची, डाळ टाकायची आणि मध्यम आचेवर परतत राहायचं. मधूनमधून झाकण ठेवून वाफ आणायची. वीस मिनिटं तरी जातात. डाळीचा कच्चा वास गेला आणि ती उलथन्यावरून सुटी पडायला लागली की मीठ, साखर, लिंबू घालून आणखी एक वाफ. खोबरं-कोथिंबीर उतरवल्यावर. खोबरं डब्यात कालवून पाठवण्यापेक्षा खिरापत वाटायच्या वेळी भुरभुरलेलं बरं, कारण आधी खराब होतं ते खोबरंच.

पन्नास माणसांसाठी करायची तर परतण्यात हात मोडतो. तेव्हा वाटलेली डाळ कुकरच्या डब्यात पसरून शिट्टी न लावता पंधरा मिनिटं वाफवा, गार झाल्यावर हाताने मोकळी करा आणि फोडणीत पाच मिनिटं परता. तेलही कमी लागतं. मात्र कढईच्या तळाला जी खरपूस खरवड धरते ती या पद्धतीत मिळत नाही, आणि आमच्याकडे भांडणं तिच्यावरूनच होतात.

दोन्हींत कांदा-लसूण नाही, दोन्ही नैवेद्याला चालतात. डाळ भिजलेली असेल तर झटपट होणारी आंबेडाळच. वाटणं, किसणं आणि फोडणी मिळून वीस मिनिटांत हात मोकळे. डाळ भिजवायलाच विसरलात तर मात्र वाटली डाळ वाचवते: गरम पाण्यात दोन तास भिजवलेली डाळही तिला पुरते, उरलेलं काम कढई करते.

आणि हळदीकुंकवाची आंबेडाळ उरलीच, तर रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी थोड्या तेलावर परतून वाफ द्या. कैरी मऊ होते, डाळ मोकळी होते, पोळीशी चांगली लागते. वाटली डाळीची आंबेडाळ मात्र कुणाच्यानेही होत नाही.