दऱ्या की दर्या : संगणकावरच्या मराठीतला एक जुना घोळ

दुसऱ्या यंत्रावरून आलेला मराठी मजकूर उघडला आणि भलतंच काही दिसलं, तर आजही पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉन्ट टाका’. एके काळी तो अगदी बरोबर होता. शिवाजी, कृतिदेव, योगेश या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरी वळणं बसवलेली असत. फाइलमध्ये साठवलेलं असे रोमन आणि मराठी दिसे ती फक्त डोळ्यांना. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला की उरे ती रोमन गिचमिड. दोन फॉन्टांची मांडणी सारखी नसे, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा कन्व्हर्टर लागे. अशा फाइलींत अडकलेला जुना मजकूर आजही शोधता येत नाही आणि माझ्या मते या सगळ्यातलं मोठं नुकसान तेच आहे.

सामाईक संकेत, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे ठरवणारा तक्ता, तेव्हाही होता. इस्की हे भारतीय मानक १९९१ चं. त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या रूपावरून युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एका सामाईक संकेताचा, देवनागरी तक्ता आखला गेला. पण छपाईला अक्षर दिसलं की पुरे होतं, त्यामुळे डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारे, तिकडे फिरकले नाहीत. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी घरच्या संगणकावर येऊ लागली. विंडोज एक्सपीत मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन त्यासाठी खूण करावी लागे आणि सीडी मागितली जाई. पुढे बिघाडाची लक्षणंच बदलली. चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये अक्षर नाही. डोक्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’ ओळभर पुन्हा पुन्हा आला, तर यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) मजकूर दुसऱ्याच संकेताने वाचला गेलाय. वाचायचा संकेत, म्हणजे एन्कोडिंग, बदललं की तो परत मिळतो. प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मूळ अक्षरं गेलीच.

खरी मेख आहे ती ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या र ची. र ला हलन्त (पाय मोडायची खूण) जोडून य लिहिला की रफार होतो, म्हणजे ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या, समुद्राचा दर्या वेगळा. आचाऱ्यास वाढणं आणि आचार्यास वाढणं यांतही फरक आहेच. मग हा दुसरा र साठवायचा कसा? १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडवर्ण असा क्रम होता. नंतर शिफारस झाली ती ऱ आणि हलन्त यांची. जुना क्रमही सुसंगतीसाठी ठेवला.

न दिसणारा वर्ण वाटेत गळतो हे खरं. एखादी प्रणाली तो निरुपयोगी समजून काढून टाकते आणि दऱ्यांचा दर्या होतो. त्या दृष्टीने ऱ सुरक्षित. पण तक्त्यात हा ऱ आहे तो द्राविडी भाषांतला वेगळा उच्चार लिहिण्यासाठी. मराठीत ‘नवरा’ आणि ‘नवऱ्याला’ यांतला र एकच आहे. संगणकाच्या लेखी मात्र पहिला ०९३० क्रमांकाचा, दुसरा ०९३१ चा. प्रत्यय काढून मूळ शब्द शोधणाऱ्या प्रोग्रामला ‘नवर’पर्यंतही दोघं सारखे दिसत नाहीत. त्यातच या ऱ ची ‘र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब)’ अशी अधिकृत फोडही आहे. म्हणजे ‘दऱ्या’ तीन तऱ्हांनी साठवता येतो, तिन्ही डोळ्यांना सारखेच. मराठीच्या व्याकरणापेक्षा तक्त्याच्या सोयीला इथे जास्त वजन मिळालं, असं माझं मत आहे.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन किंवा ऍ वापरून लिहिलेला आणि नवीन अक्षर आल्यावर तो आपोआप बदलला नाही. म्हणून दोन प्रणालींतल्या नावांच्या याद्या जुळवताना ‘कऱ्हा’ किंवा ‘ॲड’ सापडलं नाही, तर फॉन्टला हात लावण्याआधी दोन्हीकडची रूपं एकसारखी करून घ्यावीत.