टेलिफोटो छायाचित्रणातील आधारसाधने

लांब केंद्रांतराच्या भिंगाने चित्र घेताना कॅमेरा व भिंग स्थिर राहावे म्हणून वापरली जाणारी तिपाई (ट्रायपॉड), एकपाई (मोनोपॉड), त्यांवर बसणारे व कॅमेरा वळवू देणारे हेड आणि बीनबॅग (धान्य भरलेली पिशवी) यांसारखी साधने. साधारणतः ३०० मिमी.च्या पुढील भिंगांना त्यांची निकड अधिक भासते.

ही निकड किती, ते साध्या गणितावरून कळते. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम, ३६ × २४ मिमी. संवेदकाच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी. भिंगाचे आडवे दृष्टिक्षेत्र सु. ३.४° असते. संवेदकावरील एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या वाट्याला सु. २ विकला (१ विकला = अंशाचा ३,६०० वा भाग) एवढाच कोन येतो. याचा अर्थ, ४० सेंमी. लांबीच्या भिंगाचे एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत केवळ ४ मायक्रॉन सरकले, तरी प्रतिमा एका पिक्सेलने हलते. शटरचा वेग केंद्रांतराच्या व्यस्तांकाइतका (६०० मिमी.साठी १/६०० सेकंद) ठेवण्याचा जुना ठोकताळा फिल्मच्या काळातला आहे, आजच्या संवेदकांना तो बऱ्याचदा अपुरा पडतो.

तिपाई निवडताना ती किती किलोचा भार पेलते हे पाहण्याची प्रथा आहे. हा आकडा फारसा उपयोगी नाही. तिपाई कोसळत नसते, ती थरथरते. म्हणून ताठपणा महत्त्वाचा. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्यास होणारा विरोध भिंतीची जाडी तीच ठेवल्यास व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट झाल्यास सु. आठपट. पायांचे टप्पे जितके जास्त तितकी तळाची नळी बारीक, म्हणून टेलिफोटोसाठी चार-पाच टप्प्यांपेक्षा तीन टप्प्यांची तिपाई बरी. मधला दांडा वर उचलला की तिपाईच्या डोक्यावर जणू एकपाई उभी राहते; तो नसलेलाच चांगला. गित्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये कार्बन तंतूच्या तिपाया बाजारात आणल्या, त्यानंतर ॲल्युमिनियम मागे पडले. अ‍ॅश लाकडाच्या तिपाया जर्मनीत अजूनही बनतात. वजनाला जड असल्या तरी लाकूड कंपने लवकर शमवते.

हेडच्या प्रकारांपैकी गोलकाचे (बॉलहेड) सर्वपरिचित आहे. भिंग मोठे असल्यास त्याचे वजन गोलकाच्या वर राहते आणि पकड ढिली करताच सारा डोलारा एका बाजूला लवंडतो. या अडचणीवर गिंबल हेड हा उपाय आहे; त्यात भिंग पाळण्यासारखे टांगलेले असून ते एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन अक्षांभोवती तोल न जाता फिरते. अमेरिकेतील विम्बर्ली यांच्या हेडमुळे ते १९९० च्या दशकात वन्यजीव छायाचित्रकारांत रूढ झाले.

गिंबलच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बायझँटियमचा फायलो (इ. स. पू. तिसरे शतक) याच्या नावावरील यंत्रविषयक ग्रंथात एका अष्टकोनी दौतीचे वर्णन येते. तिच्या प्रत्येक बाजूला भोक असून कोणतीही बाजू वर केली तरी आतील कड्यांवर टांगलेले शाईपात्र सरळच राहते. मात्र ग्रंथाचा हा भाग अरबी भाषांतरातूनच हाती आला आहे. तो मजकूर मागाहून, कदाचित नवव्या शतकाच्या सुमारास, घातला गेला असावा अशी शंका विज्ञानेतिहासकार जोसेफ नीडम यांनी घेतली. दुसरे विज्ञानेतिहासकार जॉर्ज सार्टन यांच्या मते अरबी पाठ मुळाशी प्रामाणिक आहे. चीनमध्ये दिंग हुआन या कारागिराने इ. स. १८० च्या सुमारास असा धूपदाणीचा पाळणा केल्याचा उल्लेख आढळतो. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो याचे नाव या रचनेला चिकटले असले, तरी शोधाचा दावा त्याने स्वतः केलेला नाही. फायलोच्या बाजूचे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे शोध लागणेही अशक्य नाही.

छायाचित्रणातील गिंबलचे या परंपरेशी नाते मुख्यतः नावापुरतेच आहे. दौत किंवा जहाजावरील होकायंत्र यांत बूड हलते व आतील वस्तू स्थिर राहते. तिपाईवर नेमके उलट घडते. शिवाय दौतीचा गुरुत्वमध्य टांगणीच्या खाली असतो, तर भिंगाचा गुरुत्वमध्य दोन्ही अक्षांच्या छेदनबिंदूवर आणावा लागतो. खरे साम्य दुर्बिणीच्या उन्नतांश-दिगंश (वरखाली व आडवी फिरणाऱ्या) बैठकीशी आहे. गिंबलची जुळणी करताना दोन्ही अक्षांच्या गुंड्या ढिल्या करतात, भिंगाखालची पट्टी पुढेमागे सरकवून भिंग आडवे तोलतात, मग पाळणा वरखाली करतात. ज्या कोनात सोडावे त्याच कोनात भिंग थांबले की तोल साधला. चित्र टिपताना डावा हात भिंगाच्या नळीवर, बैठकीच्या बरोबर वर टेकवतात. हाताचे मांस कॅमेऱ्यातील शटरचा व आरशाचा धक्का शोषून घेते. कॅमेऱ्याला जोडायच्या पट्ट्या बहुधा आर्का-स्विस पद्धतीच्या, सु. ३८ मिमी. रुंद असतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मापांत बारीक फरक असल्याने झटक्यात बसणारी पकड विकत घेण्यापूर्वी पट्टी बसवून पाहावी.

जिथे तिपाई मांडणेच शक्य नसते तिथे बीनबॅग उपयोगी पडते. ताडोबात पर्यटकांना जिप्सीतून उतरता येत नाही. तेव्हा तांदूळ, मूग किंवा मका भरलेली पिशवी गाडीच्या कठड्यावर ठेवून त्यावर भिंग टेकवतात व चालकाला इंजिन बंद करायला सांगतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी टिपताना होडीच्या काठावरही तीच युक्ती चालते. होडीत तिपाई उभारली तर ती होडीबरोबर डुलते. एकपाई उभा हादरा थोपवते, कडेचा नाही.

१९९५ मध्ये कॅननने एसएलआर (आरशाच्या) कॅमेऱ्यांसाठी ७५–३०० मिमी.चे प्रतिमा-स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढण्याची सोय) असलेले भिंग आणले. अशी सुरुवातीची भिंगे तिपाईवर लावल्यावर स्थिरीकरण बंद करावे लागे. पुढील भिंगांत तिपाई आपोआप ओळखण्याची सोय झाली. याच कंपनीच्या ६०० मिमी. एफ/४ भिंगाचे वजन १९९९ च्या आवृत्तीत ५.३६ किग्रॅ. होते, ते २०१८ च्या आवृत्तीत ३.०५ किग्रॅ.वर आले. परिणामी उडते पक्षी हातानेच टिपणारे वाढले आहेत. तिपाई आता मुख्यतः पाणवठ्यावर किंवा घरट्यासमोर तासन् तास वाट पाहणाऱ्यांच्या आणि चलत्चित्रण करणाऱ्यांच्या कामाची उरली आहे.