इंजिन तापमान संवेदक (छोट्या मोटारींतील)

इंजिन तापमान संवेदक : इंजिनातून फिरणाऱ्या कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान विजेच्या संकेतात बदलणारा लहान भाग. गॅरेजमध्ये ‘टेम्परेचर सेन्सर’ या एकाच नावाने तीन निरनिराळ्या वस्तू ओळखल्या जातात. डॅशबोर्डवरचा काटा हलवणारा एकतारी सेंडर, ठरावीक तापमानाला रेडिएटरचा पंखा सुरू करणारा द्विधातूचा थर्मोस्विच आणि ईसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) तापमान कळवणारा दोन पिनांचा सेन्सर, अशा त्या तीन. कार्ब्युरेटरच्या मोटारींत पहिल्या दोन असत. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत तिसराच तिन्ही कामे करतो, म्हणून तो बिघडला की काटा, पंखा आणि पेट्रोलचे प्रमाण एकदमच चुकते.

या भागाचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. काही लेखक १९१२ च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आलेल्या बॉइस मोटोमीटरपासून, म्हणजे रेडिएटरच्या झाकणावर बसणाऱ्या तापमापीपासून सुरुवात करतात. दुसरे मत पदार्थाच्या गुणधर्मावर भर देते. सिल्व्हर सल्फाइड तापवल्यास त्याचा विद्युत रोध घटतो, हे मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये नोंदवले होते आणि व्यवहारात वापरता येईल असा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध ठळकपणे बदलणारा घटक) १९३० च्या सुमारास सॅम्युएल रूबेन यांनी केला. आजचा सेन्सर थर्मिस्टरच असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही मोटोमीटरची एक उणीव आजही लागू आहे. तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचे तापमान दाखवी. पाणी पार आटले की त्याचे वाचन भरवशाचे राहत नसे. हल्लीचा सेन्सरही इंजिनाचे नव्हे, आपल्या टोकाला जे टेकले आहे त्याचेच तापमान सांगतो.

इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणीत तापमानाचा संकेत १९६७ पासून, बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीपासून आढळतो. भारतात छोट्या मोटारींत एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी इंधन फवारणी असलेली) इंजिने सरसकट आली ती एप्रिल २००० मध्ये राजधानी दिल्ली परिसरात युरो-२ तोडीची प्रदूषण मानके लागू झाली त्या सुमारास.

रचना व कार्य : पितळी किंवा प्लॅस्टिकच्या कवचात थर्मिस्टरचा मणी असतो. प्रचलित सेन्सरांपैकी पुष्कळांत २०° से.ला रोध सुमारे २.५ किलोओहम, ८०° से.ला सुमारे ३२० ओहम आणि १००° से.ला १८५ ओहमच्या आसपास असतो. ईसीयू ५ व्होल्टचा दाब आपल्या आतल्या स्थिर रोधातून सेन्सरकडे पाठवतो आणि मधल्या बिंदूवरचा दाब मोजतो. आतला रोध २.२ किलोओहम धरला, तर थंड इंजिनावर सुमारे २.७ व्होल्ट आणि ८०° से.ला सुमारे ०.६ व्होल्ट मिळतात.

तापमान आणि रोध यांचा हा आलेख सरळ रेषेत नसतो आणि बरेचसे घोळ इथेच होतात. कपलरच्या (सेन्सरला तारा जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांवर हिरवा गंज चढून १०० ओहम जादा रोध आला असे समजा. सकाळी २.५ किलोओहमचे २.६ होतात, म्हणजे जेमतेम एका अंशाचा फरक पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. इंजिन १००° से.ला पोचल्यावर मात्र १८५ चे २८५ होतात आणि ईसीयूला ८४° से.च्या आसपासचे तापमान दिसते. ९७ अंशांना लागणारा पंखा मग कूलंट १२० च्या घरात गेल्यावर लागतो. ‘सेन्सर नवा टाकला तरी गाडी हीट होते’ या तक्रारीत कपलर आधी उघडून पाहावा.

दोष व तपासणी : इंजिन गरम असूनही सेन्सर थंड सांगत असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त जाते, प्लग काजळतात आणि ॲव्हरेज पडते. उलट झाल्यास सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. स्कॅनरवरील (ईसीयूतील नोंदी वाचणाऱ्या यंत्रावरील) पी०११८ हा कोड तार तुटल्याचा किंवा कपलर निघाल्याचा असतो (वाचन उणे ४०° से.), तर पी०११७ शॉर्टचा. पी०१२८ दिसल्यास सेन्सरपेक्षा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) असण्याची शक्यता अधिक. कपलर काढल्यावर पंखा सतत फिरू लागतो. तो दोष नव्हे, बहुतेक ईसीयूंनी केलेली ती खबरदारी असते.

सर्वांत सोपी चाचणी रात्रभर उभ्या गाडीवर होते. इंजिन सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवर कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने जवळपास सारखी असावीत. पाच-सहा अंशांहून जास्त फरक असल्यास सेन्सर काढून गरम पाण्याच्या भांड्यात तापमापीसोबत धरावा आणि मल्टीमीटरवर रोध वाचावा. तो झटके न घेता सलग उतरला पाहिजे.

बदलणे : इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकण सुमारे ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते आणि तो सुटताच कूलंट उसळून अंगावर येते. बॅटरीची ऋण तार काढावी आणि एक-दीड लिटर कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवावे. सेन्सर सहसा थर्मोस्टॅटच्या घराजवळ असतो. कपलर लॉक दाबून काढावा, तारेला धरून ओढू नये. उन्हातान्हात कडक झालेले लॉक हमखास तुटते. पितळी सेन्सरला बहुधा १९ मिमीचा खोल बॉक्स पाना लागतो. तांब्याचा वॉशर किंवा ओ-रिंग नवीच घालावी. आटे आधी हाताने बसवावेत आणि मग सुमारे १५ न्यूटन-मीटर इतकेच आवळावे, कारण ॲल्युमिनियमचे आटे पटकन मरतात. एकतारी सेंडरची अर्थिंग आट्यांतून होत असल्याने त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये.

आटे आणि कपलर जुळले म्हणून सेन्सर जुळला असे नसते. बाहेरून एकसारख्या दोन सेन्सरांचे रोधाचे आलेख वेगळे असू शकतात, म्हणून पार्ट नंबरच पाहावा.

हवा काढणे हा कामाचा अर्धा भाग. झाकण उघडे, हीटर पूर्ण गरमवर आणि इंजिन आयडलवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहावे. नंतर झाकण लावून पंखा दोनदा लागून बंद होऊ द्यावा. सेन्सरपाशी हवा अडकली, तर मोटोमीटरसारखीच गत होते : इंजिन तापते आणि काटा खाली राहतो. भरणा ५०:५० कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याचा असावा. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार टोकावर बसतात आणि सेन्सर मंदावतो.

मुंबई-पुण्याकडे बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) कूलंट नेण्यासाठी होज पाइप कापून टी-जोड दिलेला असतो. हवा बऱ्याचदा तिथूनच शिरते. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस देणाऱ्या) किटच्या रिड्यूसरलाही स्वतःचा तापमान सेन्सर असतो. गाडी पेट्रोलवरून गॅसवर जातच नसेल, तर इंजिनाच्या सेन्सरआधी तो तपासावा.