डायनासोरचं शेण आणि गवताचं वय

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने जाणारे लोक वरोऱ्याला आनंदवन पाहायला थांबतात. त्याच तालुक्यातल्या पिसदुऱ्याला मात्र कुणी फिरकत नाही. तिथल्या शेतांत गोल-लांबट दगडी गोटे सापडतात. ते डायनासोरचं शेण आहे, पार दगड झालेलं.

सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या खालच्या चुनखडी-चिकणमातीच्या थरांना भूवैज्ञानिक 'लामेटा' म्हणतात. पिसदुऱ्याचं शेण याच थरांतलं, आणि तिथे सापडणारी डायनासोरची हाडंही. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १९व्या शतकातच ती गोळा केली होती. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावला लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. त्याचं नाव आयसीसॉरस. हे नाव चक्क भारतीय सांख्यिकी संस्थेवरून, म्हणजे तिच्या 'आयएसआय' (ISI) या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलंय!

पण माझ्या मते हाडांपेक्षा शेणच जास्त बोलकं ठरलं. डायनासोरांनी गवत पाहिलंच नाही, ते त्यांच्यानंतर आलं, असा बराच काळ समज होता. गवताची पात ओढताना बोट कापतं, कारण तिच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठलेले असतात. पात कुजली तरी हे कण टिकतात, आणि वनस्पतीच्या गटागणिक त्यांचा आकार बदलतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या शेणात असेच कण दिसले. २००५ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत त्यांचा निबंध आला: किमान पाच प्रकारची गवतं, त्यात भात आणि बांबूच्या गोतावळ्यातलीही. म्हणजे डायनासोर असतानाच गवताच्या शाखा फुटल्या होत्या.

यावरून हे अजस्र प्राणी गाईसारखे कुरणात चरत होते, असं चित्र काढू नये. शेणात ताड, सूचिपर्णी, इतर झाडं असं बरंच काही आहे, गवत त्यात थोडंच. समोर येईल ते ओरबाडायचं, असा एकूण खाक्या दिसतो.

गवतावर खरी गुजराण दुसऱ्याच कुणाची तरी असावी. त्या काळी भारतात गोंडवानाथेरियन नावाचे छोटे सस्तन प्राणी होते आणि त्यांच्या दाढा उंच, झीज सोसणाऱ्या होत्या. सिलिकाने भरलेला चारा चघळायला तशाच दाढा लागतात.